काडतुसातील छऱ्यांची पारख : पुतण्यास पत्र



गंगावेशीकडून आलेल्या माणसाने अशी खबर दिली की, चिरंजीव ट्रॅपच्या, म्हणजे मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजीच्या, सरावासाठी कुणाकडून तरी पुन्हा भरलेली काडतुसे स्वस्तात आणतो आणि आबांच्या दुनळीतून उडवतो. ही खबर खोटी ठरावी असे घरातील सर्वांना वाटते, पण खरी असेल तर हा व्यवहार आजच थांबला पाहिजे. परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि हे चिरंजीवाला ठाऊक नाही असे नाही. परंतु घराला घोर लागला आहे तो नळीचा. त्या दुनळीतील काडतूस बसण्याची जागा ६५ मिलिमीटरची आहे. ७० मिलिमीटरचे काडतूस तिच्यात बिनबोभाट बसते, कारण ही लांबी बार झाल्यावर तोंड उलगडलेल्या खोक्याची असते, आणि बाराच्या वेळी ते तोंड उलगडण्यास जागा न मिळाल्याने दाब इतका वाढू शकतो की जुनी नळी डाव्या हातापाशीच फाटावी. कुणी, कोणत्या मापाची दारू भरली हेही जिथे कळत नाही, तिथे छऱ्यांची पारख करून काय उपयोग?

छर्रा चकचकीत दिसला की तो उत्तम, अशी चिरंजीवाची समजूत असल्याचे कळते. ती चकाकी बहुधा वरून चढवलेल्या ग्रॅफाइटची असते. खरा गुण गोलाईत, एकसारख्या आकारात आणि कठीणपणात असतो. वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून पाण्यात सोडून छर्रे पाडण्याच्या रीतीचे पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स याने १७८२ मध्ये घेतले. त्या शिशात किंचित आर्सेनिक मिसळल्याने थेंब गोल बनतो आणि अँटिमनी या धातूमुळे तो कठीण होतो. अँटिमनी महाग असल्याने स्वस्त मालात हात आखडतो तो तिथेच, आणि मग मऊ छर्रा बाराच्या धक्क्याने नळीतच चेपतो व बाहेर पडल्यावर भरकटतो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते रायफलीने, म्हणजे एका वेळी एकाच गोळीने. ट्रॅपच्या २४ ग्रॅमच्या काडतुसात मात्र साडेसात नंबरचे सुमारे तीनशे छर्रे असतात आणि ते सारे मिळून एक नेम धरतात.

दुकानदार सुटा नमुना दाखवीत असेल तर छर्रे तिरप्या काचेवर सोडून पाहावेत : गोल छर्रा सरळ धावतो, अंडाकृती बाजूला वळतो, एकमेकांना चिकटलेले जोडछर्रे मध्येच अडतात. पकडीत दाबताच सहज चपटणारा छर्रा मऊ समजावा, आणि पांढुरकी भुकटी दिसली तर तो माल सरळ परत करावा. बंद काडतूस मात्र कधीही फोडू नये. त्याची परीक्षा परवानाधारक रेंजवर कागदावर करावी. ४० यार्डांवरून बार काढून, छऱ्यांच्या दाट भागाभोवती ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखून आतली भोके मोजावीत आणि एका कागदावर न थांबता चार-पाच कागद पाहावेत, म्हणजे मोकळ्या राहिलेल्या जागा योगायोगाच्या की मालाच्या दोषाच्या हे उमगते. खरेदी परवानाधारक दुकानातूनच, नोंद करून आणि शक्यतो एकाच लॉटची करावी. पुन्हा भरलेले काडतूस पेटीत असेल तर दुनळीला हातही लावू नये.

काकांच्या तरुणपणी, १९७२ चा वन्यजीव कायदा येण्यापूर्वी, भुदरगडच्या माळावर असल्याच मऊ छऱ्यांनी घायाळ झालेला ससा झुडपांत शिरला व संध्याकाळपर्यंत शोधूनही हाती लागला नाही. त्या जिवाची हळहळ अजून सरलेली नाही, आणि म्हणूनच चिरंजीवाने मातीच्या तबकड्यांचा नाद धरला याचे काकांना मनापासून समाधान वाटते.

एवढे रागे भरल्यावर हेही लिहिणे भाग आहे की, दादांच्या माघारी चिरंजीवाने घर, शेत आणि नेमबाजी ज्या हिमतीने सांभाळली ती कुणाच्या नजरेतून सुटलेली नाही. पैसे कमी पडत असतील तर तसे मोकळेपणाने कळवावे. उसाचे बिल जमा झाले असून नव्या पेटीचे पैसे काका देतील, मात्र ६५ मिलिमीटरचा आकडा पेटीवर स्वतः वाचून घ्यावा. शिसे लहानग्यांच्या मेंदूला बाधते, तेव्हा रेंजवरून आल्यावर कपडे बदलून, साबणाने हात धुऊन मगच बाळाला उचलून घ्यावे. चिरंजीव कानांत बोळे घालतो की नाही हे काकू रोज विचारते. उत्तर तिच्याच नावे धाडावे.