पंचगंगेवरील पर्वकाळ आणि जीवाची पृच्छा

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेल्या चार पदार्थांपैकी विचारणारा पदार्थ एकच, तो जीव. प्रपंच जड व अनित्य आहे. त्याला प्रश्न पडत नाही. देवता नित्यबद्ध असून आपापल्या पदाच्या व फळाच्या अभिमानात स्थिर आहेत, 'यापलीकडे काय?' अशी पृच्छा त्यांच्या ठायी उद्भवत नाही. परमेश्वर नित्यमुक्त, सर्वज्ञ. त्याला विचारावयाचे असे काही उरलेलेच नाही. जीव तेवढा बद्धमुक्त. तो बद्ध आहे म्हणून त्याला कळत नाही, आणि मुक्त होण्याची योग्यता त्याच्या ठायी आहे म्हणून हे न कळणे त्याला सोसवत नाही. मी कोण, हे दुःख माझ्याच वाट्याला का, गेलेले माणूस कोठे गेले, हे प्रश्न या न सोसण्यातूनच निघतात. मनुष्य धर्माच्या दारी उत्तर मागावयास का येतो, या प्रश्नाचा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

भयामुळे मनुष्य धर्माकडे वळतो, असे आधुनिक विचारवंतांपैकी पुष्कळांचे म्हणणे असते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु भयाने मनुष्य पळतो का, एवढेच त्यातून उलगडते. धोका टळल्यावरही तो विचारतो का, हे उलगडत नाही. पूर ओसरतो, भूमी स्थिर होते, घर पुन्हा उभे राहते. प्रश्न मात्र तसाच उभा असतो.

या विचाराला एक प्रत्यक्ष ठिकाण घ्यावयाचे तर सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वराएवढे बोलके ठिकाण क्वचितच सापडेल. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर वसलेले हे गाव बहुतेकांना थंड हवेचे ठिकाण म्हणून ठाऊक आहे. ती वसाहत अलीकडची. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात ती उभी राहिली. मूळ क्षेत्र तेथून काही अंतरावर, ज्याला आज जुने किंवा क्षेत्र महाबळेश्वर म्हणतात. तेथील पंचगंगेचे स्थान देवगिरीच्या सिंघण यादवाने तेराव्या शतकात बांधविले असे सांगतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम तेथे मानले जातात, आणि त्यांचे पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडते. बारा वर्षांनी गुरू कन्या राशीस आला म्हणजे भागीरथी आणि साठ वर्षांनी सरस्वती तेथे प्रकट होते, अशी श्रद्धा आहे. त्या बारा वर्षांच्या योगास कन्यागत पर्वकाळ म्हणतात. अलीकडचा कन्यागत २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला, आणि महाबळेश्वर-वाईपासून खाली नरसोबाच्या वाडीपर्यंत कृष्णाकाठी स्नानासाठी मोठा जनसमुदाय लोटला.

त्याच ऑगस्टमध्ये, पर्वकाळ लागण्यास थोडे दिवस असताना, याच डोंगराच्या दुसऱ्या उतारावर काय घडले हे पुष्कळांना आठवत असेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला महापूर आला आणि महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील जुना दगडी पूल कोसळला. एस. टी. च्या दोन बसगाड्या आणि इतर वाहने अंधारात पुरात गेली. कित्येकांची प्रेते खाडीपर्यंत वाहत गेली. काहींची सापडलीच नाहीत. पूर्वेकडे उतरणाऱ्या कृष्णेत लोक पुण्यासाठी उतरले, आणि पश्चिमेकडे उतरणाऱ्या सावित्रीच्या काठी लोक आपल्या माणसांचे देह शोधत बसले. डोंगर एक, पाऊस एक, महिना एक. ज्या गोमुखात पाचही नद्या एकत्र पूजिल्या जातात, तेथे उभ्या असलेल्या एखाद्या आर्त मातेने विचारले, 'या पाण्याने त्यांना पुण्य दिले, मग माझा मुलगा का नेला?' तर तिला काय सांगावे?

पूल जुना होता, पाणी वाढले होते, ही कारणे खरी आहेत आणि त्यांची चौकशी झालीच पाहिजे. नाहीतर पुढचा पूलही पडेल. परंतु ते पूल का पडला याचे उत्तर आहे. माता पुलाविषयी विचारीत नसते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर माणसे मेली, तेव्हाही असेच झाले. कोयना हीदेखील महाबळेश्वराचीच नदी. धरणाच्या जलाशयाचा आणि त्या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञांनी पुढे अभ्यासिला, आणि ते ज्ञान मोलाचे आहे. पण ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या मनुष्याने ते वाचून 'आता कळले' असे म्हटले असेल, हे संभवत नाही.

आता क्षेत्राची स्वतःची कथा काय सांगते ते पाहू. ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ मांडला. सावित्रीला येण्यास विलंब झाला म्हणून गायत्रीला शेजारी बसवून यज्ञ सुरू केला. सावित्री कोपली आणि तिने देवांना शाप दिला की तुम्ही नद्या व्हाल. विष्णू कृष्णा झाला, शिव वेण्णा झाला, ब्रह्मदेव ककुद्मती म्हणजे कोयना झाला. सावित्री आणि गायत्री याही नद्या होऊन पश्चिमेस गेल्या. भाविक ही कथा नद्यांच्या पावित्र्याची साक्ष म्हणून सांगतात. पंथीय अभ्यासकाच्या दृष्टीला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसेल: या कथेतले देवच शापाला वश आहेत. ते कोपतात, रुसतात, आणि एकाच्या वचनाने दुसऱ्याला उंचावरून खाली वाहावे लागते. सत्य, कैलास, वैकुंठ यांच्या स्वामींना आपल्या देवताचक्रात एक निश्चित ठिकाण आहे. त्यांच्याही वर आणखी थोवे आहेत, आणि अगदी वरची चैतन्य देवताही नित्यबद्धच. क्षेत्राच्या पुराणकथेने नकळत तेच कबूल केले आहे. ज्याला स्वतःला उतारावरून वाहावे लागते, तो दुसऱ्याला उतारावर कसा थांबविणार?

महाबळ दैत्याची कथाही अशीच. त्याला इच्छामरणाचा वर होता. शेवटी मायेने मोहित होऊन त्याने मरण पत्करले, पण मागणे मागितले ते आपले नाव देवाच्या नावास लागावे असे. मरणकाळीसुद्धा जीवाला नाव सुटत नाही! असो.

देवता काहीच देत नाहीत, असे स्वामींनी कोठेही सांगितलेले नाही. देवता फळ देतात. आपापल्या सामर्थ्याप्रमाणे देतात आणि ते फळ भोगून सरते. श्रीकृष्ण चक्रवर्तींनी गीतेत हेच निरूपण केले आहे: अन्य देवतांचे भक्त त्या त्या देवतेला पावतात, त्यांचे फळ अंतवंत असते, आणि पुण्य क्षीण झाल्यावर त्यांना पुन्हा मर्त्यलोकी यावे लागते. येथे 'फळ' आणि 'उत्तर' यांतला भेद नीट ध्यानी घ्यावा. कुंडात स्नान करून एखाद्याने नोकरी मागितली व ती मिळाली, तर त्याचा प्रश्न मिटतो, सुटत नाही. मिटलेला प्रश्न पुढच्या संकटाबरोबर पुन्हा डोळे उघडतो, म्हणून तोच मनुष्य बारा वर्षांनी त्याच कुंडावर दुसरे मागणे घेऊन उभा असतो. बहुतेक लोक धर्माकडे उत्तरासाठी जातात असे आपण म्हणतो खरे. वस्तुतः पुष्कळजण फळासाठी जातात आणि फळालाच उत्तर समजतात.

तरीही त्या मनुष्यास हसण्याचा अधिकार कोणाला आहे? दृष्टांतपाठात जात्यंधांनी हत्ती चाचपल्याचा दृष्टांत आहे. ज्याच्या हाती जो अवयव आला त्यावरून त्याने हत्ती सांगितला. त्यातला कोणीही खोटे बोलत नव्हता. अवयवाला त्याने अवयवी मानले, एवढाच त्याचा प्रमाद. गोमुखाखाली ओंजळ धरणाऱ्याच्या हातीही काहीतरी आलेले असते. आपल्याहून मोठे, आपल्या आधीचे, आपल्यानंतरही राहणारे काही आहे, ही जाण त्याला तेथपर्यंत चढवून नेते. त्या जाणिवेला खोटे म्हणणे म्हणजे जीवाच्या योग्यतेलाच खोटे म्हणणे होय.

याचा एक दाखला सातारा जिल्ह्यातच आहे. महाबळेश्वराहून उतरून जिल्ह्याच्या पूर्वेकडे गेले की फलटण लागते. तेथे श्रीचक्रपाणी प्रभूंचा अवतार झाला. मातापित्यांस अपत्य नव्हते. त्यांनी चांगदेवास नवस केला, आणि पुत्र झाल्यावर त्याचे नाव चांगदेवच ठेवले. पंथाच्या सिद्धांताप्रमाणे अवतार नवसाने होत नाही; परमेश्वर स्वेच्छेने, जीवाच्या उद्धाराच्या प्रवृत्तीने अवतरतो. मग नवस व्यर्थ म्हणावा काय? त्या दांपत्याने देवतेकडे फळ मागितले, आणि त्यांच्या मागण्याचा तिरस्कार न करता परमेश्वर त्यांच्या ओटीत आला. त्यांनी विचारले नव्हते एवढे मोठे ते उत्तर होते. म्हणूनच त्यांना ते ओळखता आले नसावे. पुढे चक्रपाणी प्रभूंनी घर सोडले, मातापुरी श्रीदत्तात्रेय प्रभूंची भेट झाली, आणि द्वारावतीस त्यांनी रस्ते झाडून, केर सुपात भरून गोमतीत टाकण्याची क्रीडा केली. त्या सुपाने किंवा खराट्याने ज्याला स्पर्शिले त्याला विद्या प्राप्त झाली. त्यांत किती जण विद्या मागावयास आले होते?

गीतेत भजणाऱ्यांचे आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार प्रकार सांगितले आहेत. यात आर्ताला हीन लेखण्याची चूक काही अभ्यासक करतात, ती बरी नव्हे. आर्ताचा प्रश्न वेदनेतून येतो म्हणून खरा असतो. उणीव एवढीच की वेदना शमली की तोही शमतो. जिज्ञासूचा प्रश्न सुखातही जागा राहतो. या दृष्टीने महदाइसेकडे पाहावे. बालवैधव्य तिच्या वाट्याला आले होते; आर्त होण्यास पुरेसे कारण होते. परंतु तिच्या पृच्छांत गाऱ्हाणे जवळजवळ नाही. हे असे का, ते तसे का, त्या शब्दाचा अर्थ काय, अमक्या लीळेमागे काय प्रवृत्ती होती, असे ती विचारीत राहते, आणि स्वामी तिला विचारू देतात. स्त्रीने विचारू नये, शास्त्राचे मराठीत निरूपण होऊ नये, असा तो काळ. म्हाइंभट याच्या उलट टोकाचा: विद्येच्या अभिमानाने स्वामींना वादात जिंकावे म्हणून आला. त्याचीही पृच्छा स्वामींनी परतविली नाही. पुढे स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर हाच म्हाइंभट गावोगाव हिंडला, ज्याने ज्याने लीळा पाहिली-ऐकली त्याला विचारीत गेला, नागदेवाचार्यांकडून ते शोधून घेतले, आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. पंथाचा आद्य ग्रंथ विचारण्यातून जन्मला आहे.

आता सावित्रीकाठच्या त्या मातेकडे वळले पाहिजे. आपल्याकडील एखादा उत्साही उपदेशी तिला म्हणेल, 'बाई, ज्याचे त्याचे कर्म.' सिद्धांत म्हणून हे वाक्य चुकीचे नाही. पण ते तेथे उच्चारणे ही वाचिक हिंसा होय. कर्मरहाटी आहे हे शास्त्राने सांगितले. अमक्याचे अमके दुःख कोणत्या जन्माच्या कोणत्या कर्माचे, हे परमेश्वरावाचून कोणी जाणत नाही. जे आपल्याला ज्ञात नाही ते ज्ञात असल्यासारखे सांगणे हे उत्तर नव्हे, आणि त्यात मृताला दोषी ठरविल्याचे पाप वर येते. कर्माचा सिद्धांत साधकाने स्वतःच्या दुःखास लावावा. दुसऱ्याच्या दुःखास लावू नये. ज्याला हा भेद कळला नाही त्याने सूत्रपाठ पाठ केला असेल, पण त्याचा आचार त्याला कळलेला नाही. तिच्याजवळ बसावे. तिने विचारले तर 'जीव नाश पावत नाही, त्याची परमेश्वरापाशी असलेली योग्यताही पुरात वाहून जात नाही', एवढे सांगता येते, कारण तेवढे शास्त्राने निश्चित सांगितले आहे. बाकीचे तिने अजून विचारलेले नसते.

वासनिकांकडून एक व्यावहारिक पृच्छा नेहमी येते: महाबळेश्वरास जावे की न जावे? मातापूर व कोल्हापूर यांसारख्या साभिमान देवतास्थानी जाऊ नये, असा स्वामींचा निर्देश सूत्रपाठात आहे, आणि त्याचे तात्पर्य सर्वच क्षेत्रांस लागू पडते: फळाच्या बुद्धीने, देवतेच्या ठायी परमेश्वरबुद्धी धरून जाऊ नये. पण आप्तांसोबत, कामानिमित्त, प्रकृतीसाठी जाणे घडते. पाचगणी-महाबळेश्वरात कित्येकांची नोकरी-धंदे आहेत. अशाने कुंडावर वाद घालू नये, आणि कोणाची ओंजळ अडवू नये. वेण्णा तलावाकाठी बसून नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण करण्यास कोणी अडवीत नाही. डोंगर प्रपंचाचा भाग आहे. तो देवतेच्या मालकीचा नाही.

यानंतरचा कन्यागत २०२८ मध्ये येईल. त्या वेळी घरातील मुले विचारतील की भागीरथी खरोखर येते का. त्यांना 'असे विचारू नये' म्हणून गप्प बसविणारा वासनिक आणि 'सगळे थोतांड आहे' म्हणून गप्प बसविणारा वासनिक, दोघेही त्यांची पृच्छा मारतात. त्या दिवशी महदाइसेच्या चार लीळा काढून वाचाव्यात, आणि ती काय विचारते ते मुलांनाच शोधू द्यावे.