जोडगाठीची निवड

नांदेडजवळ विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयात गोदावरीचे पात्र असे विस्तीर्ण झाले आहे की, भोई बांधवांप्रमाणे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून गळ टाकणाऱ्यास काठावरची एकही सवलत तेथे लाभत नाही. उभे राहण्याची सोय नसते, मागे सरता येत नाही, आणि मासा ओढू लागला म्हणजे तराफाच त्याच्यामागे फिरू लागतो. तेथेच एकदा माझ्या गळास लागलेला मोठा कटला दोरासह निघून गेला. उरलेले टोक निरखून पाहिले, तो तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, तुटलेला नव्हता. दुकानातून जोडून मिळालेल्या दोन दोरांमधील निरगाठ सरकून सुटली होती. सुती दोऱ्यात घट्ट बसणारी ही गाठ नायलॉनच्या गुळगुळीत अंगावर टिकत नाही, आणि तोंडात गळ व मागे लांब दोर घेऊन फिरणाऱ्या त्या जिवाचे हाल मला आजही अस्वस्थ करतात.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, जोडगाठ निवडताना तिच्या कमाल बळाची चौकशी मागाहून करावी. बसल्या जागी, वाऱ्यात, ओल्या हातांनी ती बिनचूक बांधता येते की नाही, याची खात्री आधी करून घ्यावी. समान जाडीच्या दोन तंगुसांस ब्लड नॉट शोभते. जाडीत तफावत असली की तिचा भरवसा नाही. विणलेल्या बारीक दोरास जाड नायलॉन जोडण्यात एफजी गाठ श्रेष्ठ खरी, परंतु तिचे वेढे घालताना दोर सतत ताणलेला लागतो. ती घरूनच बांधून न्यावी.

पाण्यावर मात्र दुहेरी युनी गाठ. दोन्ही टोके विरुद्ध दिशांनी शेजारी ठेवून, एकाचा फास करून त्यातून दोन्ही दोरांभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, विणलेल्या दोरास आठ. दुसऱ्या टोकाचेही तसेच करावे. मग गाठी ओल्या करून, मूळ दोर ओढून, त्या एकमेकींस सावकाश भिडवाव्यात. कोरडी गाठ झटक्याने आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तेथेच दुर्बल होते.

लातूरकरांस मांजरा धरणाचा चढउतार ठाऊकच आहे. 2016 साली ते आटल्याने त्यांच्या शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी असे ओसरले की बुडालेले खुंट गळाच्या वाटेत येतात. दोर त्यांस घासला, तर गाठीलगतच्या भागावरून नख फिरवावे, आणि खरखर लागताच तेवढा तुकडा कापून नवी गाठ बांधावी. कापलेला तुकडा खिशात ठेवावा, पाण्यात टाकू नये.