होजिअरीचा ड्रेस कात्रीआधीच बिघडतो

होजिअरीच्या कापडाचा ड्रेस घरी शिवला आणि बिघडला, की दोष आधी हाताला दिला जातो आणि मग मशीनला. शिवणीला वळ्या पडल्या, गळा लोंबला, एका धुण्यात घेर आडवा सुटला आणि लांबी गुडघ्याच्या वर गेली, या सगळ्याला ‘मला सफाईनं शिवता येत नाही’ हे एकच कारण लावून कितीतरी जणी तो ड्रेस कपाटाच्या तळाशी ढकलतात आणि पुन्हा सुती कुर्त्यांकडे वळतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि ते त्या बिघडलेल्या ड्रेसवरूनच दाखवता येतं. वरच्या चार दोषांपैकी शिलाईशी संबंध आहे तो फक्त पहिल्याचा. बाकीचे तीन कापड न ओळखता बेतल्याचे आहेत. मशीनवर बसण्याच्या आधी, दुकानात आणि बेतताना, ते घडून गेलेले असतात. म्हणून सफाईची काळजी करण्याआधी कापड तपासायला शिकावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे काटकोनात एकमेकांत गुंतलेले असतात. पॉपलिन किंवा केंब्रिक सरळ ओढून पाहा, ते जवळजवळ हलत नाही. ताणतं ते तिरप्यात. होजिअरीत असे उभे-आडवे धागे नसतातच. हातानं विणलेल्या स्वेटरमध्ये असतात तसेच, पण फार बारीक फासे एकातून एक ओढून घेतलेले असतात. आडवं ओढलं की प्रत्येक फासा रुंद होतो आणि त्याची उंची घटते. सोडलं की तो मूळ आकाराकडे परत येऊ पाहतो. किती परत येतो, यावर सगळं अवलंबून आहे. कापड आडव्या दिशेनं दुमडा, काठापासून थोडं आत १० सेंटिमीटरचं अंतर चिमटीत धरा आणि पट्टीवर ठेवून जोर न करता ताणा. १२ पर्यंत गेलं तर ताण २० टक्के, १५ पर्यंत गेलं तर ५० टक्के. मग सोडून द्या आणि पुन्हा मोजा. दुकानदार ताणून दाखवतो. परत येतं की नाही, हे आपणच पाहायचं असतं. साधारण ५ टक्के लायक्रा असलेलं सुती जर्सी बहुधा नीट १० वर येतं. लायक्रा नसलेलं थोडं सुटलेलं राहतं. व्हिस्कोसचं जर्सी अंगावर सुंदर पडतं, पण लायक्रा नसेल तर परत येण्यात ते कमी पडतं. जे कापड १० वरून निघून ११ वरच थांबतं, ते कोपराशी, गुडघ्याशी आणि बसल्यावर मागच्या बाजूला फुगे धरणार. कितीही नेटकी टीप मारली तरी ते फुगे जाणार नाहीत.

हा ताणाचा आकडा मापाचाच भाग आहे, आणि सर्वात जास्त चुका इथेच होतात. आपल्याकडचे बहुतेक नमुने मागावरच्या कापडासाठी असतात. छाती ९२ सेंटिमीटर असेल तर कुर्ता साधारण १०० सेंटिमीटरचा बेततात, कारण ते कापड देत नाही आणि हालचालीला जागा लागते. उभाराला टक्स द्यावे लागतात तेही याच कारणानं. तोच नमुना लायक्राच्या जर्सीवर ठेवला तर ८ सेंटिमीटरची सूट आणि कापडाचा स्वतःचा ताण असं दोन्हीकडून माप वाढतं. खांदा खाली उतरतो, मुंढ्याखाली चुण्या येतात, गळा पुढे लोंबतो. ५० टक्के ताण असलेल्या कापडात ९२ च्या छातीला ८८ पुरतात. २० टक्क्यांच्या जाड इंटरलॉकमध्ये मात्र ९५-९६ घ्यावे लागतात. दोन्ही कापडं होजिअरीच, पण एकाचा नमुना दुसऱ्याला चालत नाही. अंगावर चपखल बसणाऱ्या जुन्या टी-शर्टवरून नमुना काढायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि ती चांगलीही आहे, पण नव्या कापडाचा ताण त्या टी-शर्टइतकाच असेल तर.

दुसरी तपासणी धुण्याची. विणताना आणि नंतर रंगवताना-सुकवताना होजिअरीचं थान लांबीकडे ओढलं जातं. फासे लांबट होऊन बसतात आणि पहिल्यांदा पाण्यात भिजले की आपल्या नैसर्गिक आकारात येतात. म्हणून लांबी घटते आणि पुष्कळदा रुंदी थोडी वाढते. ड्रेस आटला, असं आपण म्हणतो. खरं तर कापड मोकळं झालेलं असतं. सुती जर्सीत लांबी ५ ते ८ टक्क्यांनी कमी होणं नवलाचं नाही, म्हणजे १०० सेंटिमीटरचा ड्रेस ९२ वर येऊ शकतो. यावर एक आक्षेप नेहमी येतो की कापड आधी धुतलं तर त्याची कोरी तकाकी जाते आणि कापताना ते गुंडाळतं. तकाकी पहिल्या धुण्यात जाणारच आहे. प्रश्न ती शिवण्याआधी जावी की नंतर, एवढाच. सिंगल जर्सीच्या कडा गुंडाळतात हे खरं, पण त्या कोऱ्या कापडाच्याही गुंडाळतात. दुसरा आक्षेप असा की तयार कपड्यांचे कारखाने कुठे कापड धुवून घेतात? ते थान उलगडून कित्येक तास ढिलं ठेवतात, कापडाचा तुकडा धुवून आकसण्याचा आकडा काढतात आणि तेवढी वाढ नमुन्यात धरतात. तपासणी तिथेही आहेच, फक्त आपल्याला दिसत नाही. घरी ड्रेस पुढे जसा धुतला जाणार, तसंच कापड आधी धुवावं. परदेशात राहून ड्रायर वापरणाऱ्यांनी तर ते ड्रायरमधूनच काढावं, कारण त्यात फासे दोरीवर सुकण्यापेक्षा जास्त मोकळे होतात.

धुताना आणखी एक गोष्ट कळते. टी-शर्टची बाजूची शिवण फिरून पोटावर आलेली सगळ्यांनी पाहिली असेल. सिंगल जर्सीत सुताचा उरलेला पीळ फाशांना एका बाजूला कलवतो आणि धुतल्यावर तो कल उघडा पडतो. कापडाचा ५० सेंटिमीटरचा दुहेरी चौकोन दोन्ही बाजूंनी शिवून धुवा. शिवणी जागेवरून सरकल्या तर त्या कापडाचा लांब, बाजूला उभी जोड असलेला ड्रेस करू नये. रिब आणि इंटरलॉकमध्ये हा दोष फारसा नसतो.

वजनाकडे मात्र कुणी पाहत नाही. कापडाच्या २० बाय २५ सेंटिमीटरच्या तुकड्याचं वजन ग्रॅममध्ये करून त्याला २० नं गुणलं की जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम, तो आकडा मिळतो. ९ ग्रॅम भरलं तर १८०, म्हणजे टी-शर्टच्या कापडाच्या आसपास. घाऊक बाजारात होजिअरी किलोवर मिळते, तिथेही हा आकडा कामाला येतो: दीड मीटर पन्ह्याचं १८० जीएसएमचं कापड किलोला ३.७ मीटर भरतं. पण त्याचा खरा उपयोग लोंबण्याचा अंदाज घ्यायला होतो. २२० जीएसएमच्या व्हिस्कोस जर्सीचं अडीच चौरस मीटर कापड लागलं तर ड्रेस ५५० ग्रॅमचा झाला, आणि ते सगळं वजन खांद्याच्या दोन शिवणींवर येतं. म्हणून खांद्याच्या शिवणीत न ताणणारी सुती फीत घालावी, आणि खालची दुमड शिवण्याआधी ड्रेस रात्रभर टांगून मग घेर सारखा कापावा. ओला असताना मात्र तो हँगरला लावू नये.

‘ओव्हरलॉक मशीन नसेल तर होजिअरीच्या वाटेला जाऊ नये’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यानं शिकणंच थांबतं. होजिअरीच्या कापल्या कडेचे दोरे मागावरच्या कापडासारखे सुटत नाहीत. शिवणीला गरज असते ती ताण सोसण्याची. अर्धा ते एक मिलिमीटर रुंदीचा झिगझॅग आणि पॉलिएस्टर दोरा एवढ्यानं ती भागते. फक्त सरळ टीप मारणारी जुनी काळी मशीन असेल तर दाबपट्टीचा दाब वरच्या स्क्रूनं कमी करावा आणि कापड अगदी हलकं ताणून टीप मारावी. त्या मशीनला जोडसुई लावू नये, प्लेटचं भोक अरुंद असल्यानं ती मोडते. सुई बोथट टोकाची, बॉलपॉइंट हवी. साधी धारदार सुई धागा तोडते आणि तिथून फासे सुटत जातात. आधी कतरणीवर आडवी टीप मारून जोरात ताणून पाहा. दोरा तुटला तर टीप बदला, ड्रेसला हात लावू नका. उलट ओव्हरलॉकचा एक धोका सांगायलाच हवा. ते शिवता शिवता कड कापत जातं, त्यामुळे माप चुकलं तर उसवूनही कापड परत मिळत नाही. ते असलं तरी आधी लांब टिपेनं जोडून ड्रेस अंगावर घालून पाहावा.

एवढ्या तपासण्यांत कापड वाया जातं, हा आक्षेप रास्त आहे. अर्धा मीटर जास्तीचं कापड लागतं. पण चुकीच्या बेतलेल्या ड्रेसमध्ये दोन-अडीच मीटर जातात. आणि ज्यांचं कापड आधीच चुकलं आहे, त्यांनीही ते टाकून देऊ नये. आखूड झालेला ड्रेस टॉप होतो. लोंबलेला गळा कापून, नव्या गळ्याच्या घेराच्या साधारण ८५ टक्के लांबीची रिबची पट्टी ताणून बसवली की तो अंगाला धरतो. तंग झालेल्या ड्रेसच्या दोन्ही बाजूंना काखेपासून खालपर्यंत पट्ट्या घालता येतात, फक्त त्या कापताना कापडाचा ताण अंगाभोवती आडवाच येईल असं पाहावं आणि त्या तुकड्यालाही आधी एकदा धुवून घ्यावं.