नोकरी सांभाळून नर्सिंगची पदवी : हिशेब आणि पारख

राजगडाच्या पायथ्याशी, वेल्हे भागात पाली हे गाव आहे. गडाचा पाली दरवाजा याच गावाच्या नावाने ओळखला जातो. समजा, या गावातील एका शिवणकाम करणाऱ्या कारागिराची मुलगी जी.एन.एम. होऊन चार वर्षांपासून पुण्याच्या एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तिच्या पगारातून वडिलांच्या नव्या मशीनचा हप्ता जातो. एके दिवशी ती घरी येऊन म्हणते, "अब्बा, मला बी.एस्सी. करायची आहे." वडील विचारतात, "कर बेटा, पण नोकरी सोडलीस तर हप्ता कोण भरणार?" तेवढ्यात शेजारचा एक हितचिंतक मोबाइलवर जाहिरात दाखवतो. तीत लिहिलेले असते, "घरबसल्या ऑनलाइन बी.एस्सी. नर्सिंग, एका वर्षात पदवी."

हे घर उदाहरणापुरते आहे, पण हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी आलेला असेल किंवा उद्या येईल. छोट्या दुकानदाराच्या आणि कारागिराच्या घरात मुलीचा किंवा सुनेचा पगार म्हणजे एक प्रकारे धंद्याचे भांडवलच असते. म्हणून या प्रश्नाचा विचार व्यापाराच्या पानावर करणे योग्य आहे. माल घेताना आपण आधी पारख करतो, मग हिशेब करतो आणि त्यानंतर पैसे मोजतो. पदवीच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा.

रस्ते किती?

नर्सिंगमध्ये ए.एन.एम. आणि जी.एन.एम. हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. बाहेरून दोघींनाही लोक "सिस्टर"च म्हणतात. त्यामुळे पुष्कळ घरांत येथेच गोंधळ होतो. ए.एन.एम. झालेल्या मुलीला सरळ नोकरदार नर्सच्या पदवीकडे जाता येत नाही. तिला आधी जी.एन.एम. करावे लागते.

जी.एन.एम. झालेल्या आणि नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या नर्ससाठी जी पदवी आहे तिला पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग म्हणतात. बारावीनंतरची बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची असते. पोस्ट बेसिक त्यापेक्षा कमी वर्षांची आहे, कारण मुलगी आधीच शिकलेली असते. या पदवीचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता नियमित महाविद्यालयाचा. तो दोन वर्षांचा आणि पूर्ण वेळेचा आहे. महाराष्ट्रात ही महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली असतात. हे विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झाले.

दुसरा रस्ता नोकरी करीत शिकण्याचा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये स्थापन झाले. या विद्यापीठाने १९९४ पासून सेवेत असलेल्या नर्सेससाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चालविला आहे. दूरशिक्षणाने होणाऱ्या या पदवीची मुदत कमीत कमी तीन वर्षांची आहे. इग्नूचे प्रादेशिक केंद्र पुण्यातही आहे.

"ऑनलाइन" या शब्दाची पारख

आता त्या जाहिरातीकडे वळू. नर्सिंग हे हाताने करायचे काम आहे. सलाइन लावणे, जखम बांधणे, बाळंतीण सांभाळणे या गोष्टी पडद्यावर पाहून येत नाहीत. शिवणकाम करणाऱ्यास हे सांगायला नको. कापड बेतण्याचे कितीही व्हिडिओ पाहिले तरी कात्री हातात घेतल्याशिवाय बेत जमत नाही.

सरकारी नियमही हेच सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण यांच्याबरोबर नर्सिंगलाही दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने न शिकवण्याच्या विषयांत ठेवले आहे. मग इग्नूचे काय, असे कोणी विचारील. इग्नूचा अभ्यासक्रम त्याआधीपासूनचा, नर्सिंग कौन्सिलने स्वीकारलेला आणि नोंदणीकृत, नोकरी करणाऱ्या नर्सपुरता मर्यादित आहे. शिवाय तो "घरबसल्या" होत नाही. पुस्तके घरी वाचता येतात, स्वाध्याय घरी लिहिता येतात, परंतु प्रात्यक्षिकांसाठी नेमून दिलेल्या केंद्रावर हजर राहावे लागते आणि लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागते.

म्हणून जी जाहिरात "एका वर्षात", "हजेरीची गरज नाही", "परीक्षेची हमी" असे सांगते ती खोटी समजावी. अशी पदवी कौन्सिलकडे नोंदवली जात नाही, आणि नोंदणी नसलेली पदवी म्हणजे न वटणारा चेक.

प्रवेश कोणाला?

इग्नूच्या अभ्यासक्रमाच्या मुख्य अटी अशा आहेत :

१) उमेदवार सेवेत असलेली नर्स असावी आणि तिची नर्स व मिडवाइफ म्हणून नोंदणी झालेली असावी.

२) बारावी उत्तीर्ण आणि तीन वर्षांचे जी.एन.एम. असल्यास नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो.

३) दहावीनंतर जी.एन.एम. केलेले असल्यास नोंदणीनंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो.

४) मिडवाइफरी न केलेल्यांना, म्हणजे मुख्यतः पुरुष नर्सेसना, तिच्या बदली कौन्सिलने ठरवलेल्या सहा ते नऊ महिन्यांच्या एखाद्या नर्सिंग अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र लागते.

५) प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

या अटी नीट वाचल्या तर एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. आपण समजतो की नोकरी ही शिक्षणाच्या आड येते. येथे उलटे आहे. नोकरी हेच या पदवीचे प्रवेशपत्र आहे. अनुभव मोजला जातो तो नोंदणीच्या तारखेपासून. ज्या मुलीने जी.एन.एम. झाल्यावर नोंदणी करायला आळस केला, तिची तेवढी वर्षे वाया गेली. तसेच रुग्णालय बदलताना अनुभवाचा दाखला लगेच मागून घ्यावा. रुग्णालय बंद पडल्यावर किंवा व्यवस्थापक बदलल्यावर तो मिळवणे फार जड जाते. आपण जशी जुनी बिले जपून ठेवतो, तशी दाखल्यांची एक फाइल घरी असावी.

हिशेब

आता आकडे मांडू. समजा, मुलीचा पगार महिना २०,००० रुपये आहे. नियमित महाविद्यालयात गेल्यास २४ महिने पगार बंद. म्हणजे ४,८०,००० रुपये घरात येणार नाहीत, आणि फी वेगळी. दूरशिक्षणात पगार चालू राहतो. खर्च होतो तो फी, प्रवास, परीक्षा आणि प्रात्यक्षिकांच्या दिवसांत घ्याव्या लागणाऱ्या बिनपगारी रजेचा. पण त्यात एक वर्ष जास्त जाते. घराची गरज कोणती आहे ते पाहून निवड करावी. हप्ते चालू असलेल्या घराला दुसरा रस्ता सोयीचा, तर घरी दुसरी कमाई असलेल्या आणि वय कमी असलेल्या मुलीला पहिलाही चालेल.

पैशाइतकाच वेळेचाही हिशेब करावा. इग्नूमध्ये एक क्रेडिट म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास धरतात. आठ क्रेडिटचा एक विषय म्हणजे २४० तास झाले. रोज दीड तास अभ्यास केला तरी त्याला १६० दिवस लागतात. रात्रपाळी करून आलेली मुलगी हा दीड तास कोठून काढणार? येथे घरच्यांचा वाटा सुरू होतो. सुट्टीच्या दिवशी ती गावी आली की तिच्यावर पाहुण्यांचा स्वयंपाक टाकू नये. भावाने दुकानाचा हिशेब स्वतः लिहावा. नर्सिंगची पुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात, त्यामुळे मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला पहिले सहा महिने जड जातात. त्या काळात तिला टोमणा न मारणे हीसुद्धा मदतच आहे. इग्नूची पुष्कळ पुस्तके 'ई-ज्ञानकोश' या संग्रहात फुकट मिळतात. डोंगराच्या कुशीतल्या गावात नेट सापडत नसेल तर पुण्यात असतानाच ती मोबाइलमध्ये उतरवून घ्यावीत.

पदवी मिळाल्यावर काय?

पदवीने उद्याच पगार दुप्पट होईल असे कोणी सांगत असेल तर मानू नये. खाजगी रुग्णालयात ते मालकावर अवलंबून असते. पण पदवीने काही बंद दरवाजे उघडतात. पोस्ट बेसिक पदवी आणि एक वर्षाचा अनुभव असल्यास एम.एस्सी. नर्सिंगला अर्ज करता येतो. जी.एन.एम.वर तो करता येत नाही. नर्सिंग शाळेत शिकवण्याच्या नोकरीसाठी पदवी लागते. देशातील 'एम्स' रुग्णालयांच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत जी.एन.एम. उमेदवाराला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांच्या अनुभवाची अट घातलेली आढळते. पदवीधराला ती अट नसते. आखाती देशांत जाऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र आधी त्या देशाच्या परवाना मंडळाचा नियम वाचावा. दूरशिक्षणाची पदवी तेथे कशी धरली जाते हे फी भरण्यापूर्वी कळले पाहिजे.

पैसे देण्यापूर्वी

चार गोष्टी स्वतः तपासाव्यात. एक, अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का. १९४७ च्या कायद्याने आलेल्या या कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे, तेव्हा त्या दिवशी अधिकार कोणाकडे आहे हेही पाहावे. दोन, मिळणारी पदवी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल नोंदवून घेईल का, हे मुंबईला लेखी विचारावे. तीन, प्रात्यक्षिकांचे केंद्र कोणते आणि तेथे किती दिवस जावे लागेल. चार, यंदाची प्रवेश सूचना विद्यापीठाने स्वतः काढली आहे का. फी विद्यापीठाच्याच खात्यात भरावी, दलालाच्या हातात रोख देऊ नये. पैशाची अडचण असल्यास मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन शैक्षणिक कर्ज या अभ्यासक्रमाला मिळेल का ते विचारावे.

आपल्या उदाहरणातील त्या कारागीर वडिलांचा प्रश्न होता, हप्ता कोण भरणार? उत्तर असे की हप्ता मुलगीच भरील आणि शिकेलही. तीन वर्षे घराने तिचा रोजचा दीड तास सांभाळायचा आहे. कापड उसवले तर पुन्हा शिवता येते. खोट्या पदवीत गेलेली वर्षे मात्र परत मिळत नाहीत.

या पाठाचा अभ्यास : आपल्या घरात किंवा मोहल्ल्यात नर्स असेल तर तिच्या नोंदणीची तारीख, अनुभवाचे दाखले आणि बारावीची गुणपत्रिका आज एकत्र काढून ठेवा. तिला पदवीचा अर्ज करायला आणखी किती महिने बाकी आहेत, ते तिच्यासोबत बसून कागदावर मांडा.