हैदराबाद ते मुंबई : हवाई अंतर आणि प्रवासाचा काळ

अंबरपेठ येथील एखाद्या कुटुंबास रुग्णाला घेऊन मुंबईस परळच्या रुग्णालयात सकाळी दहा वाजता पोहोचावयाचे आहे. विमान सकाळी सातचे आहे. उड्डाण दीड तासाचे असल्याने वेळ भरपूर आहे, असा समज सहज होतो. तो कितपत बरोबर आहे, हे पाहू.

प्रथम अंतराचा विचार करू. दिनांक २३ मार्च २००८ पासून हैदराबादची प्रवासी विमाने बेगमपेठऐवजी शमशाबाद येथून सुटू लागली. शमशाबादचा विमानतळ सुमारे १७ अंश १४ कला उत्तर अक्षांश आणि ७८ अंश २६ कला पूर्व रेखांशावर, तर मुंबईचा १९ अंश ५ कला उत्तर आणि ७२ अंश ५२ कला पूर्व असा आहे. अक्षांशांतील फरक १११ कलांचा. एक कला म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर १११ सागरी मैल झाले. रेखांशांतील फरक ३३४ कलांचा आहे. परंतु विषुववृत्तापासून दूर जाताना रेखावृत्ते परस्परांच्या जवळ येतात, म्हणून या पट्ट्यात त्यास ०.९५ ने गुणावे लागते. हे पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ३१७ सागरी मैल होते. दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ३३६ सागरी मैल, म्हणजेच सुमारे ६२२ किलोमीटर येते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर ४७ मिनिटांत कापले जाईल. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असल्यास ५० मिनिटे, पाठीमागून असल्यास ४४ मिनिटे लागतील. मात्र चढताना व उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत जावे लागते आणि मुंबईवर उतरण्यासाठी कित्येकदा आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. म्हणूनच वेळापत्रकात साधारणतः दीड तास धरलेला असतो.

आता घरापासूनचा हिशेब मांडू. अंबरपेठहून बेगमपेठ सरळ रेषेत सुमारे ८ किलोमीटर, तर शमशाबाद सुमारे १९ किलोमीटर आहे. रस्त्याने हे अंतर बरेच वाढते. त्यासाठी दीड तास, विमानतळावरील तपासणीसाठी दोन तास, उड्डाणाचा दीड तास, सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास आणि परळपर्यंत एक तास धरल्यास एकूण साडेसहा तास होतात. म्हणजे घर पहाटे साडेतीनला सोडावे लागेल आणि सर्व काही सुरळीत पार पडले, तर बरोबर दहा वाजता रुग्णालय गाठता येईल. विलंबास एक मिनिटाचीही सवड उरत नाही.

तात्पर्य, तिकिटावरील वेळ ही विमानाची असते, प्रवाशाची नव्हे. रुग्णासोबत जाणाऱ्यांनी, तसेच परीक्षा वा मुलाखतीसाठी जाणाऱ्यांनी, शक्यतो आदल्या दिवशीच मुक्कामी पोहोचणे श्रेयस्कर होय.