संगणकातील वारा

मुलांनो, वारा वाहताना आपणांस एकसारखा भासतो. परंतु तो तसा नसतो. शेतातील उभ्या पिकाकडे क्षणभर पाहा. कोठे कणसे लवतात, तर जवळच ती निश्चल असतात. वाऱ्याच्या पोटात लहानमोठे असंख्य भोवरे सारखे घडत व मोडत असतात. अशा प्रवाहास प्रक्षुब्ध प्रवाह म्हणतात.

वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्कीला या खळबळीशी झुंजावे लागते. आज काही पवनचक्क्यांची पाती १०० मीटरांहूनही लांब आहेत. एका पात्यावर जोराचा झोत आदळत असतो, त्याच वेळी दुसऱ्यास मंद झुळूक लागत असते. तार वारंवार इकडेतिकडे वाकविली, की ती अखेर तुटते. पात्याचेही तसेच आहे. एका झंझावातात जे मोडत नाही, ते वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी चिरू शकते.

मग पाते टिकेल की नाही, हे आधी कसे ओळखावे? प्रत्येक नमुना बांधून वीस वर्षे वाट पाहणे शक्य नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी संगणकातच वारा निर्माण केला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरी या प्रयोगशाळेत ‘टर्बसिम’ नावाची आज्ञावली तयार झाली.

पवनचक्कीसमोर एक अदृश्य जाळे उभे आहे, अशी कल्पना करा. वाऱ्याचा सरासरी वेग व खळबळीचे प्रमाण सांगितले, की जाळ्याच्या प्रत्येक गाठीवर क्षणोक्षणी वारा कसा वाहील, याचे आकडे ही आज्ञावली तयार करते. जवळच्या गाठींवरील वारा बराचसा सारखा असतो; दूरच्या गाठींवर तो वेगळा असतो. हे आकडे दुसऱ्या आज्ञावलीस दिले, म्हणजे पात्यांवर किती ताण पडेल याचे गणित करता येते.

हे आकडे मनाला येतील तसे मांडलेले असतात काय? नव्हे. १९६८ साली कॅन्सस राज्यातील सपाट माळावर मनोरा उभारून वाऱ्याची सूक्ष्म मोजणी करण्यात आली. मोठ्या भोवऱ्यांत किती शक्ती असते व लहानांत किती, याचा नियम कैमल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली त्या मोजणीवरून मांडला. असे नियमच या आज्ञावलीचा पाया होत. पुढे भरती-ओहोटीच्या प्रवाहात फिरणाऱ्या जलचक्क्यांसाठीही तिचा उपयोग होऊ लागला. पाणी हवेहून सुमारे ८०० पट घन असल्यामुळे तेथील तडाखाही मोठा असतो.

उद्या कोणत्या घटकेस कोणती झुळूक येईल, हे संगणक सांगत नाही. अशा स्वभावाचा वारा आल्यास पाते टिकेल काय, एवढेच त्याच्या साहाय्याने कळते. संगणकातील या वाऱ्यावर आपण विसंबू शकतो; कारण उघड्या माळावर कोणी तरी खरा वारा निष्ठेने मोजलेला असतो.

अभ्यास
१. पवनचक्कीचे पाते कशामुळे चिरू शकते?
२. ‘टर्बसिम’ कोणते आकडे तयार करते?
३. माळावरील मोजणीचा संगणकास काय उपयोग झाला?