अंतर्गोल आरशाच्या दोन प्रतिमा

दाढी करण्याचा आरसा चेहरा मोठा दाखवितो, हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणून 'अंतर्गोल आरसा वस्तु मोठी करितो' असें पुष्कळ विद्यार्थी उत्तरपत्रिकेंत लिहून मोकळे होतात. तोच आरसा भिंतीस टांगून चार पावलें मागें सरावें म्हणजे आपला चेहरा लहान आणि उलटा दिसूं लागतो! तेव्हां सगळी गोष्ट अंतराची आहे.

असा आरसा म्हणजे आंतून चकाकणारा, पोकळ गोलाचा एक तुकडा. दुरून समांतर येणारे किरण त्यावरून परावर्तन पावून एका बिंदूंत मिळतात. त्या बिंदूस नाभि म्हणतात. आरशापासून तिचें अंतर गोलाच्या त्रिज्येच्या निम्में असतें. आमच्या आरशांत तें ३० सेंटिमीटर आहे.

खोलींत काळोख करून आरशासमोर १५ सेंटिमीटरवर पेटलेली मेणबत्ती ठेवावी. आंत ज्योत सुलटी, दुप्पट आणि आरशामागें ३० सेंटिमीटरवर असल्यासारखी दिसते. तेथें कागद धरला तर कांहींच उमटत नाहीं; कारण किरण तेथें जातच नाहींत. ते पसरत परत येतात व मागील एका ठिकाणाहून निघाल्यासारखे डोळ्यास भासतात. ही आभासी प्रतिमा. आतां मेणबत्ती ४५ सेंटिमीटरवर न्यावी आणि ९० सेंटिमीटरवर, ज्योतीच्या किंचित् बाजूस, पांढरा कागद धरावा. ज्योत कागदावर उमटते. दुप्पटच, परंतु उलटी. ही वास्तव प्रतिमा. प्रतिमेच्या अंतरास वस्तूच्या अंतरानें भागिलें कीं दोन्ही वेळां दोनच येतात. हें गणित पाठ करण्यापेक्षां मेणबत्ती स्वतः सरकवून पाहावी. ज्योत कागदावर थरथरूं लागली कीं मागील बांकावरचीं मुलेंही उठून पुढें येतात.

सूर्य अति दूर असल्यामुळें त्याची वास्तव प्रतिमा नाभीपाशींच पडते. आमच्या आरशांत तिचा व्यास जेमतेम ३ मिलिमीटर भरतो. सबंध आरशावर पडलेलें ऊन तेवढ्याशा ठिपक्यांत एकवटतें! पालकांनीं असा आरसा उन्हांत उघडा ठेवूं नये. हें आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों. तरी एके सकाळीं तो खिडकीकडे तोंड करून टेबलावर राहिला आणि गजास अडकविलेल्या आमच्या काळ्या कोटाच्या बाहीस भोंक पडलें. घरच्या मंडळींस त्या दिवशीं प्रकाशशास्त्र समजावून देणें आम्हांस फार जड गेलें. आतां हा धडा आला कीं तो कोट आम्ही वर्गांत नेतों.